पोत्यावरचे २८ टक्के: माशाला प्रथिनं किती, ऊर्जा किती

ब्रॉयलरची शेड आणि तिच्या शेजारी प्लॅस्टिक अस्तराचं शेततळं अशी जोडी असली की कोंबड्यांचं उरलेलं खाद्य हमखास तळ्यात जातं. मासे तुटून पडतात, म्हणून मालकाला वाटतं की जमलं. काही महिन्यांनी मासा चिरला की आतड्याभोवती पांढऱ्या चरबीची झालर दिसते आणि काट्यावर वजन मात्र ठरल्यापेक्षा कमी भरतं. खाद्य वाईट नव्हतं, ते दुसऱ्या प्राण्यासाठी बनवलेलं होतं.

ब्रॉयलरच्या खाद्यात साधारण २० ते २३ टक्के प्रथिनं असतात आणि किलोमागे ३,००० ते ३,२०० किलोकॅलरी ऊर्जा. रोहू-कटल्याच्या वाढीच्या खाद्यात २८ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं आणि पचणारी ऊर्जा किलोमागे २,८०० ते ३,००० किलोकॅलरी. हे आकडे शेजारी ठेवले की मासा प्रथिनांचा खादाड वाटतो. तसा तो थोडा आहेही, पण टक्क्यांतला फरक मोठा दिसण्याचं मुख्य कारण निराळं आहे: माशाला ऊर्जाच कमी लागते. ऊर्जेचा वाटा आटला की उरलेल्या घासात प्रथिनांचा टक्का आपोआप वर जातो.

ऊर्जा कमी का लागते? कोंबडी आपलं अंग ४१ अंशांवर गरम ठेवते, थंडीत त्यासाठी दाणे जाळते. माशाचं अंग पाण्याइतकंच थंड किंवा गरम असतं, त्यामुळे तो खर्चच नाही. शिवाय पाणी त्याला तोलून धरतं, उभं राहायला ताकद लागत नाही. तिसरं कारण कमी लोकांना माहीत असतं. प्रथिनं जाळली की शरीरात नायट्रोजनचा कचरा तयार होतो. गाय-म्हैस त्याचा युरिया बनवते, कोंबडी युरिक आम्ल बनवते, आणि हे बनवायलाही ऊर्जा मोडते. मासा तो कचरा अमोनियाच्या रूपात कल्ल्यांवाटे थेट पाण्यात सोडून मोकळा होतो. नुसतं जिवंत राहायला त्याला लागणारी ऊर्जा तेवढ्याच वजनाच्या कोंबडीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. या अमोनियाकडे पुढे परत यायचं आहे, कारण माशाचा वाचलेला खर्च तळ्याच्या खात्यावर चढतो.

प्रथिनं आणि ऊर्जा: जोडीनं मोजायची गोष्ट

मासा पोट भरेपर्यंत खातो असं आपण म्हणतो. बऱ्याच अंशी तो ऊर्जेची गरज भागेपर्यंत खातो. खाद्यात तेल आणि मका जास्त असेल तर थोड्या घासांतच ही गरज भागते, मासा तोंड फिरवतो आणि मांस घडवायला लागणारी प्रथिनं पोटात पुरेशी गेलेलीच नसतात. जास्तीची ऊर्जा चरबी होऊन बसते. वर सांगितलेल्या झालरीचं मूळ हेच.

उलट प्रथिनं भरपूर आणि ऊर्जा अपुरी असेल तर मासा ती प्रथिनंच इंधन म्हणून जाळतो. मासा प्रथिनं जाळण्यात पटाईत असतो, त्याला त्यात अडचण येत नाही. अडचण आपल्याला येते. प्रथिनं हा खाद्यातला सगळ्यात महाग भाग. तो जाळणं म्हणजे सागवान चुलीत घालणं, आणि धूर म्हणून अमोनिया पाण्यात.

म्हणून जाणकार नुसता टक्का विचारत नाहीत, दर १,००० किलोकॅलरी पचणाऱ्या ऊर्जेमागे पचणारी प्रथिनं किती ग्रॅम, असं विचारतात. लहान वाढत्या सायप्रिनस (कॉमन कार्प) किंवा तिलापियासाठी हा आकडा १०० ते ११० ग्रॅमच्या आसपास येतो. मासा मोठा झाला की ८०-९० ग्रॅमवर भागतं. ब्रॉयलरच्या सुरुवातीच्या खाद्यात तो ७० च्या जवळ असतो. एक हिशेब करून पाहा: २८ टक्के प्रथिनांचं खाद्य, त्यातली ८५ टक्के पचतात असं धरलं तर किलोमागे २३८ ग्रॅम. ऊर्जा २,९०० किलोकॅलरी. २३८ भागिले २.९, म्हणजे ८२ ग्रॅम. पाव किलोच्या पुढच्या रोहूला हे चालेल. त्याच पोत्यातलं खाद्य बोटुकलीला (बोटाएवढ्या पिल्लाला) घातलं तर ती जगेल, पण अंग धरणार नाही.

आता वयानुसार टक्के. रोहू, कटला, मृगळ यांच्या पिल्लांना सुरुवातीला ४० टक्क्यांपर्यंत, बोटुकलीला ३०-३५, त्यापुढे २५ ते ३०. तिलापियाच्या पिल्लांना ४० च्या वर, वाढीच्या काळात २८ ते ३२. पंगसला बोटुकली असताना ३२ च्या आसपास आणि शेवटच्या टप्प्यात २४-२६ वरही भागतं. मरळ हा शिकारी मासा, त्याचं ४० टक्क्यांखाली जमत नाही. या आकड्यांकडे पाहताना एक ध्यानात ठेवायचं: माशाची गरज ग्रॅममध्ये असते. टक्का फक्त पोत्यावर असतो.

ग्रॅमचा हिशेब असा. तळ्यात १,००० मासे, सरासरी वजन २०० ग्रॅम, म्हणजे २०० किलो मासळी. वजनाच्या अडीच टक्के दरानं रोज ५ किलो खाद्य. २८ टक्क्यांनी त्यात १.४ किलो प्रथिनं, म्हणजे दर किलो मासळीमागे दिवसाला ७ ग्रॅम. स्वस्त पडतं म्हणून २४ टक्क्यांचं खाद्य आणलं तर तेवढीच प्रथिनं पोचवायला जवळजवळ ५ किलो ८०० ग्रॅम टाकावं लागेल. ऊर्जा तितकीच असेल तर मासा ते वरचे ८०० ग्रॅम खाईलच असं नाही. न खाल्लेलं खाद्य तळाशी कुजतं आणि स्वस्ताई तिथेच संपते.

प्रथिनं म्हणजे नेमकं काय हवं असतं

खरं तर माशाला प्रथिनं नकोच असतात, त्याला अमिनो आम्लं हवी असतात. त्यातली दहा त्याला स्वतः बनवता येत नाहीत, ती खाद्यातूनच यावी लागतात. या दहापैकी जे सगळ्यात तुटपुंजं, त्यावर वाढ अडते. पिंपाच्या फळ्या उंच-सखल असल्या तर पाणी सगळ्यात आखूड फळीपर्यंतच राहतं, तसं. वनस्पतींच्या पेंडीवर बनवलेल्या माशांच्या खाद्यात ही आखूड फळी बहुधा लायसिनची असते, त्यानंतर मेथिओनिनची.

शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा समप्रमाणात, हा आपल्याकडचा जुना फॉर्म्युला. तो कुठून आला ते चौकटीच्या गणितात दिसतं. पेंडीत ४२ टक्के प्रथिनं, तेल काढलेल्या कोंड्यात १५, हवेत २८. हव्या आकड्यातून कोंड्याचा वजा करा: १३, हे पेंडीचे भाग. पेंडीच्या आकड्यातून हवा तो वजा करा: १४, हे कोंड्याचे भाग. तेराला चौदा, म्हणजे १०० किलोत ४८ किलो पेंड आणि ५२ किलो कोंडा. जुनी माणसं अगदी बरोबर होती, निदान टक्क्यांपुरती.

लायसिन मोजलं की चित्र बदलतं. वाढत्या कार्पला (रोहू-कटल्याच्या कुळातल्या माशाला) लायसिन एकूण प्रथिनांच्या ५.७ टक्के लागतं. २८ टक्के प्रथिनांच्या एक किलो खाद्यात म्हणजे १६ ग्रॅम. वरच्या मिश्रणात ते साधारण १० ग्रॅमच भरतं, कारण शेंगदाण्याच्या प्रथिनांत लायसिन फार कमी. आता निम्मी शेंगदाणा पेंड काढून सोयापेंड घाला: शेंगदाणा २४, सोया २२, कोंडा ५४ किलो. प्रथिनं २८ टक्केच राहतात, लायसिन मात्र १३ ग्रॅमच्या वर जातं. टक्का तोच, मासा वेगळा. उरलेली तूट फिशमील किंवा बाजारात मिळणारं लायसिन घालून भरता येते.

सोया वापरताना एक पथ्य. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचवणाऱ्या ट्रिप्सिनला अडवणारा घटक असतो, तो उष्णतेनं निकामी होतो. तेलगिरणीतून आलेली सोयापेंड भाजून निघालेली असते. घरचं सोयाबीन भरडून थेट तळ्यात टाकलं तर प्रथिनं मोठ्या प्रमाणात न पचता बाहेर पडतात. सरकी पेंडीत गॉसिपॉल हा बाधणारा घटक असतो, म्हणून ती मिश्रणात थोडीच. आणि शेंगदाणा पेंडीला हिरवट-पिवळी बुरशी दिसली तर पोतं टाकून द्यायचं. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन उन्हात वाळवून किंवा उकळून जात नाही, ते यकृतावर बसतं.

ऊर्जा कुठून द्यायची

एक ग्रॅम चरबी जाळली की साडेनऊ किलोकॅलरी निघतात, प्रथिनांतून साडेपाचच्या वर, पिष्टमय पदार्थांतून चारच्या वर. हे झालं प्रयोगशाळेतल्या भट्टीतलं. माशाच्या पोटात यातलं बरंच सुटून जातं. वनस्पती खाणाऱ्या माशांची सरासरी अशी: खाल्लेल्या १०० कॅलरींपैकी ४३ विष्ठा आणि अमोनियातून निघून जातात, ३७ जगण्या-पोहण्यात खर्च होतात, वाढीला उरतात २०.

सगळ्यात मोठी तफावत पिष्टात असते. कच्च्या मक्याचा किंवा तांदळाचा स्टार्च माशाला नीट पचत नाही, शिजलेला पचतो. कार्प आणि तिलापिया हे यात बरेच सरस, शिकारी मासे अगदीच कच्चे. तरंगत्या पेलेटचं (यंत्रातून काढलेल्या खाद्यगोळीचं) खरं मोल इथे आहे. ती तरंगते ते बघायला बरं; पण ती बनताना यंत्रात वाफ आणि दाबाखाली स्टार्च शिजून फुलतो, म्हणून त्याच मक्यातून जास्त ऊर्जा हाती लागते. घरी खाद्य बनवणाऱ्यानं मका किंवा कणीची पेज शिजवून त्यात पेंड-कोंडा मळला आणि गोळे केले तरी निम्मं काम होतं. कोरडा भरडा पाण्यावर भिरकावला की त्यातला बराचसा विरघळून शेवाळाचं खत होतो.

तेलाचं प्रमाण कार्पच्या खाद्यात ६ ते ८ टक्के पुरतं. त्यात लिनोलेइक आणि लिनोलेनिक ही दोन्ही मेदाम्लं खाद्याच्या एक-एक टक्का असावीत. तेल न काढलेला ताजा कोंडा ऊर्जेला उत्तम, त्यात १२ ते १८ टक्के तेल असतं. पण गिरणीतून निघाल्या क्षणापासून त्यातलं एन्झाइम तेल फोडायला लागतं. पावसाळी दमटपणात काही आठवड्यांतच कोंड्याला खवट वास येतो. खवट तेल खाद्यातलं ई जीवनसत्त्व खाऊन टाकतं, मासे सुकतात, पाठ निमुळती दिसते. ताजा कोंडा साठवायचाच नाही, लागेल तेवढा आणायचा. साठवायचा असेल तर तेल काढलेला.

तळं स्वतः किती खाऊ घालतं?

मातीच्या तळ्यात शेण, चुना घालून पाणी हिरवट केलं की प्राणीप्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी) तयार होतात. कोरड्या वजनावर त्यांत निम्म्याच्या आसपास प्रथिनं असतात आणि त्यांची अमिनो आम्लांची जुळणी माशाला जवळजवळ हवी तशीच असते. म्हणून अशा तळ्यात वरून पेंड-कोंडा टाकला तरी चालतं: लायसिनची तूट प्लवंग भरून काढतात आणि पेंड-कोंडा मुख्यतः ऊर्जा पुरवतो. जुन्या फॉर्म्युल्याचं गुपित हेच. तो पूर्ण आहार नव्हताच, पूरक होता.

प्लॅस्टिक अस्तराच्या शेततळ्यात हा आधार निसटतो. तळाला माती नाही, त्यामुळे चिखलातले किडे-अळ्या नाहीत, मृगळ तळाशी उपाशीच. विहिरीचं किंवा बोअरचं स्वच्छ पाणी भरलेलं असतं. जीवनसत्त्वं आणि खनिजंही खाद्यातूनच यायला हवीत. गावातल्या पाझर तलावात ज्या खाद्यावर मासे किलोचे झाले, त्याच खाद्यावर अस्तराच्या तळ्यात ते पाव किलोवर अडकतात आणि दोष बियाण्याला दिला जातो. इथे पूर्ण पेलेट लागते, किंवा प्लवंग वाढवण्याचं काम मनापासून करावं लागतं. पिंजऱ्यातल्या माशांचंही तसंच, ते तर फिरून शोधूही शकत नाहीत.

पाणी ठरवतं, माणूस नाही

आपले कार्प २६ ते ३२ अंशांत झपाट्यानं वाढतात. पाणी १० अंशांनी उतरलं की शरीराचा कारभार जवळपास निम्म्यावर येतो. नाशिक-जळगावकडे किंवा विदर्भात डिसेंबर-जानेवारीत सकाळचं पाणी २० च्या खाली गेलं की अडीच टक्क्यांचा दर एकावर आणायचा, तेही दुपारी ऊन चढल्यावर. थंडीत 'ताकद यावी' म्हणून जास्त प्रथिनांचं खाद्य टाकणारे भेटतात. मासा ते पचवूच शकत नसतो.

खाल्लेलं पचवायलाही प्राणवायू लागतो, प्रथिनांना तर सगळ्यात जास्त. खाणं झाल्यावर काही तास माशाची प्राणवायूची मागणी चढलेली असते. पहाटे पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो, म्हणून पहिला घास नऊ-दहाच्या आधी नको. लिटरमागे ४ मिलिग्रॅमखाली असेल तर नकोच. आभाळ भरून आलेल्या दिवशी शेवाळ फारसा प्राणवायू बनवत नाही. त्या दिवशी खाद्य निम्मं किंवा बंद. एक दिवस उपाशी राहिलेला मासा मरत नाही, जास्त खाल्लेला गुदमरू शकतो.

आता तो अमोनिया. प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो. २८ टक्क्यांच्या एक किलो खाद्यात ४५ ग्रॅम नायट्रोजन पाण्यात उतरतो. मासा त्यातला तिसरा हिस्सा किंवा थोडा अधिक अंगी लावतो, पाच-सहा ग्रॅम विष्ठेतून जातो, साधारण २२ ग्रॅम कल्ल्यांवाटे अमोनिया म्हणून. रोज ५ किलो खाद्य, म्हणजे ११० ग्रॅम. तीस बाय तीस मीटरचं तीन मीटर खोल शेततळं काठोकाठ भरलेलं असेल तर उतार धरून २० लाख लिटरच्या आसपास पाणी. त्यात दिवसाला लिटरमागे जेमतेम ०.०५५ मिलिग्रॅमची भर पडते, शेवाळ ती सहज पचवतं.

आता मे महिना घ्या. मासे ५०० ग्रॅमचे, दोन टक्क्यांनी रोज १० किलो खाद्य, म्हणजे २२० ग्रॅम. बागेला उपसा झाल्यानं पाणी उरलं १० लाख लिटर. रोजची भर ०.२२ मिलिग्रॅम, चौपट. त्यात भर दुपारी दाट हिरव्या पाण्याचा सामू (पीएच) ९ ला टेकतो. सामू ७ असताना ३० अंशांच्या पाण्यातल्या एकूण अमोनियापैकी एक टक्कासुद्धा विषारी रूपात नसतो. ८ ला तो सात-आठ टक्के होतो आणि ९ ला जवळपास ४५. सकाळी बरे दिसलेले मासे संध्याकाळी पृष्ठभागावर सुस्त दिसतात ते यामुळे. उपाय औषधाच्या बाटलीत नाही. तीन-चार दिवस खाद्य थांबवायचं, ताजं पाणी मिळालं तर सोडायचं आणि मोठे मासे काढून विकायचे. शेवटच्या टप्प्यात ३२ टक्क्यांऐवजी २६-२८ चं खाद्य वापरण्यामागे पैशाइतकंच हेही कारण आहे.

पोतं वाचताना, जाळं ओढताना

पोत्यावर छापलेली 'क्रूड प्रोटीन' म्हणजे प्रत्यक्ष मोजलेली प्रथिनं नव्हेत. प्रयोगशाळेत नायट्रोजन मोजतात आणि ६.२५ नं गुणतात. त्यामुळे नायट्रोजन कुठूनही आला तरी तो प्रथिन म्हणून मोजला जातो. युरियात ४६ टक्के नायट्रोजन. १०० किलो मिश्रणात एक किलो युरिया मिसळला तर अहवालात प्रथिनं २.९ टक्क्यांनी वाढलेली दिसतात. गाय युरियातून थोडंफार काढते कारण तिच्या पोटात जंतूंचा कारखाना आहे, माशाकडे तो नाही. सुटी पेंड फारच स्वस्त मिळत असेल तर नुसता प्रथिनांचा टक्का तपासून भागत नाही, युरियाची तपासणी वेगळी मागावी. पोत्यावर मेद, तंतू आणि ओलावाही पाहायचा: तंतू आठ-दहा टक्क्यांच्या पुढे असेल तर त्यात टरफल जास्त, ओलावा १२ च्या पुढे असेल तर बुरशी लवकर.

दर पंधरा दिवसांनी फेकजाळं टाकून ३०-४० मासे तोलायचे. समजा सरासरी २०० वरून २४५ ग्रॅम झाली, मासे हजार, वाढ ४५ किलो, खाद्य गेलं ७५ किलो. एफसीआर, म्हणजे एक किलो वाढीला लागलेलं खाद्य, १.६७, चांगला. ७५ किलोत २१ किलो प्रथिनं होती; माशाच्या अंगात प्रथिनं १६-१७ टक्के धरली तर साडेसात किलोच्या जवळपास मांसात आली, म्हणजे ३५ टक्के. हाच एफसीआर अडीचवर गेला तर क्रमानं पाहायचं: मासे खरंच हजार आहेत का (बगळे आणि पाणसाप पावती देत नाहीत), खाद्य वीस-तीस मिनिटांत संपतं का, पाण्याचं तापमान काय होतं. खाद्याच्या दर्जावर शंका सगळ्यात शेवटी घ्यायची. बहुतेक वेळा निम्मे मासे आधीच गेलेले असतात आणि खाद्य हजारांचं चालू असतं.

विक्रीसाठी जाळं ओढायच्या आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवायचं. भरल्या पोटाचा मासा टाकीत विष्ठा सोडतो, अमोनिया चढतो आणि बाजारात पोचेपर्यंत जिवंत मासळीचा भाव मेलेल्या मासळीचा होतो.